दहा फुटी मजला आणि दहा फुटी खोली

घर बांधताना ‘उंची किती ठेवायची?’ असा प्रश्न निघाला की मिस्त्री म्हणतो ‘दहा फूट’, आणि घरातले सगळे मान डोलावतात. मात्र मिस्त्रीच्या मनातले दहा फूट एक असतात, आपल्या मनातले दुसरे. तो मजल्याची उंची सांगत असतो, आपण खोलीची उंची ऐकत असतो.

मजल्याची उंची म्हणजे खालच्या स्लॅबच्या वरच्या पाठीपासून वरच्या स्लॅबच्या वरच्या पाठीपर्यंतचं अंतर. साइटवर याला ‘टॉप टू टॉप’ म्हणतात. खोलीची उंची मात्र पायाखालच्या फरशीपासून डोक्यावरच्या गिलाव्यापर्यंत मोजायची, म्हणजे राहायला खरोखर हाती येते ती. तिला ‘क्लिअर हाइट’ असंही म्हणतात. या दोन मापांच्या मध्ये बरंच काही दडलेलं असतं. १० फुटी मजल्यातून ५ इंचांचा स्लॅब गेला. खाली फरशी आणि तिच्याखालचा थर मिळून अडीच इंच गेले. वर छताचा गिलावा अर्धा इंच. उरले ९ फूट ४ इंच.

हे आठ इंच आमच्या घरात चांगलेच महागात पडले. मामेभावाच्या घराचं काम चालू असताना कपाटं लवकर मिळावीत म्हणून आम्ही सुताराला नकाशावरून फोनवरच मापं सांगितली. छताला भिडणारी कपाटं, उंची ९ फूट ९ इंच. कपाटं आली तेव्हा फरशी बसून गेली होती. प्रत्येक पल्ला सहा इंच कापावा लागला, वरच्या पट्ट्या नव्याने बसवाव्या लागल्या, आणि वरच्या कप्प्यात बसणाऱ्या गाद्या शेवटी पलंगाखाली गेल्या. तेव्हापासून ओळखीत कुणाचं बांधकाम निघालं की मी आधी हेच विचारते: दहा फूट कुठून कुठपर्यंत?

नियम खोलीच्या उंचीवर बोट ठेवतात. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे ९ फुटांपेक्षा किंचित जास्त हवी. वातानुकूलित खोलीला २.४ मीटर चालते. आता मजला २.९ मीटरचा धरून पाहा. त्यातून १२५ मिलिमीटरचा स्लॅब वजा केला तर २.७७५ मीटर राहतात आणि सगळं नियमात बसल्यासारखं वाटतं. पण फरशी आणि गिलावा धरला की आकडा २.७ मीटरवर येतो. म्हणून फ्लॅट घेताना ‘उंची किती’ एवढंच विचारून थांबू नका. ती तयार फरशीपासून मोजली की नुसत्या स्लॅबपासून, हेही विचारा.

खोलीच्या उंचीतही एक पोटभेद आहे: स्लॅबखालची उंची आणि बीमखालची, म्हणजे स्लॅबला आधार देणाऱ्या आडव्या तुळईखालची उंची. १८ इंचांच्या बीममध्ये स्लॅबची जाडी धरलेली असते, त्यामुळे तो छताखाली १३ इंच लोंबतो. आपल्या ९ फूट ४ इंचांच्या खोलीत त्याच्याखाली ८ फूट ३ इंच मिळतात. बीमखाली किमान २.४ मीटर, म्हणजे साधारण ७ फूट साडेदहा इंच हवेत, तेव्हा इथे अडचण नाही. पण ‘मधे खांब नको, हॉल मोकळा हवा’ असा हट्ट धरला की इंजिनिअर २४ इंचांचा बीम टाकतो. मग बीमखाली उरतात ७ फूट ९ इंच. हॉल रुंदीने मोकळा झाला, पण डोक्यावर दाटला. मोकळा हॉल खरंच हवा असेल तर मजल्याची उंचीही वाढवा. या दोन गोष्टी एकाच बैठकीत ठरल्या पाहिजेत.

कोणती उंची कशासाठी बघायची? जिना पूर्णपणे मजल्याच्या उंचीवर चालतो. १० फूट म्हणजे १२० इंच. ६ इंचांची पायरी धरली तर २० पायऱ्या. मजला ११ फुटी केला की त्याच चढासाठी २२ लागतात. जिन्याची जागा आधीच नेमकी आखली असेल तर या दोन पायऱ्या बसत नाहीत. मग पायरी साडेसहा इंचांच्या पुढे जाते, आणि तो चढ रोज चढायचा असतो गुडघे दुखणाऱ्या आईला. वीटकाम, गिलावा, रंग, इमारतीची एकूण उंची हे सगळं मजल्याच्या मापावर.

पंखा, कपाट, पडदे, माळा आणि एसी मात्र खोलीची उंची बघतात. पंख्याची पाती जमिनीपासून किमान २.४ मीटर वर आणि छतापासून किमान ३०० मिलिमीटर खाली हवीत. ९ फूट ४ इंचांत हे दोन्ही कसंबसं जमतं. त्यावर सहा इंचांचं फॉल्स सीलिंग केलं की गणित बिघडतं. पंखा तेवढ्याच दांडीवर स्लॅबलाच लटकलेला राहिला तर पाती नव्या छताच्या फार जवळ येतात, वरून हवा ओढायला जागा राहत नाही, आणि खाली बसणारा म्हणतो ‘पंखा नुसताच फिरतोय’. दांडी लांब केली तर पाती हाताच्या टप्प्यात येतात. साडेनऊ फुटांच्या आतल्या खोलीत फॉल्स सीलिंग फक्त कडेने फिरवावं आणि पंख्याभोवतीचा मधला भाग उघडा ठेवावा, हे माझं ठाम मत आहे. पूर्ण खोली झाकणारं कितीही देखणं दिसलं, तरी मे महिन्यात ते छळतं.

एसीचा हिशोब साधा आहे. १२ बाय १० च्या खोलीत उंची एक फुटाने वाढली की थंड करायची हवा १२० घनफुटांनी वाढते.

एकाच घरात वेगवेगळ्या उंच्या हव्या असतील तर हा फरक सर्वांत जास्त कामाला येतो. हॉल ११ फुटी आणि बेडरूम १० फुटी करू, असं सहज ठरतं. पण हॉलचा स्लॅब एक फूट वर गेला की वरच्या मजल्यावर तिथे दोन पायऱ्या येतात. रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस नेमका तिथे ठेचकाळतो. म्हणून मजल्याची उंची घरभर एक ठेवावी, आणि खोल्यांच्या उंचीत फरक करायचा तो खालून करावा: पॅसेजचं छत फॉल्स सीलिंगने उतरवायचं, हॉलचं तसंच सोडायचं. ठेंगण्या पॅसेजमधून पुढे आल्यावर साधा हॉलही उंच वाटतो. हॉल खरोखर उंच हवा असेल तर ज्या भागावर वर खोली नाही, नुसती गच्ची आहे, तिथे उचलावा.

बाथरूमची गोष्ट थोडी निराळी. पाइप आणि नहाणी ट्रॅपसाठी (सांडपाणी जाण्याच्या जाळीखालचं भांडं) तिथला स्लॅब बऱ्याचदा फूटभर खाली टाकतात. त्यामुळे तुमच्या वरच्या मजल्यावरची बाथरूम तुमच्या बाथरूमचं छत खाली आणते. गिझर आणि शॉवरची जागा ठरवण्याआधी हे लक्षात घ्या.

जुन्या घरांत ‘टॉप टू टॉप’चा प्रश्न नसायचा, पण गफलत तिथेही होई. कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी तुळया-फळ्यांच्या छताच्या माजघरात उंची तुळईखाली मोजायची की कड्यांच्या वरच्या फळीपर्यंत, यात वीतभराचा सहज फरक पडतो. कोकणातल्या कौलारू घरात छत उतरतं असतं. आढ्याखाली माणूस मोकळा उभा राहतो आणि वळचणीकडे वाकून जातो. तिथे एकच आकडा सांगण्यात अर्थ नाही, भिंतीपाशी आणि मध्ये असे दोन सांगावेत. मुंबईतल्या उंच छताच्या चाळींतल्या खोल्यांत लोकांनी पोटमाळे काढले. नव्या फ्लॅटमध्ये कुणी तसं करू म्हणालं तर आकडे समोर ठेवा. संहितेत पोटमाळ्याला किमान २.२ मीटर उंची लागते. वर २.२, खाली राहती खोली २.७५ आणि मधला तळ धरला की पाच मीटर झाले. सामान ठेवायचा माळा वेगळा, त्याची उंची १.५ मीटरपेक्षा जास्त धरत नाहीत. लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीच्या) पातळीवर, ७ फुटांवर तो टाकला तर ९ फूट ४ इंचांच्या खोलीत वर दोन फुटांची जागा मिळते. दिवाळीचे कंदील आणि जास्तीची पातेली यांना ती पुरते.

जुन्या फरशीवर नवी टाइल बसवणाऱ्यांनी इंच-दीड इंच आणखी वजा धरावा. दारंही खालून रंधावी लागतात.

आणि माप घेताना फक्त एका कोपऱ्यात टेप लावू नका. चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी घ्या, कारण फरशीला उतार असतो आणि गिलावा सगळीकडे सारखा बसत नाही. सुताराला द्यायचं ते सगळ्यांत लहान माप, तेही फरशी बसल्यानंतर घेतलेलं.