सी ड्राइव्ह रिकामा, तरी अपडेट अडतं ते का?

पीक विम्याचे अर्ज सुरू झाले की यवतमाळ-वाशीमकडच्या सेवा केंद्रांवरच्या जुन्या मशिनींचा कस लागतो. नेमकं तेव्हाच विंडोजचं अपडेट अर्ध्यावरून परत फिरतं आणि सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन (डिस्कवरचा एक वेगळा भाग) अपडेट करता आलं नाही, असा संदेश येतो. सी ड्राइव्ह पाहावा तर भरपूर जागा. तालुक्याच्या दुकानातला सल्ला ठरलेला: "फॉरमॅट मारून टाका."

त्यानं बहुधा काही होत नाही. कारण २००९ मधलं आहे.

डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर विंडोज व्हिस्टात आलं. अख्खी डिस्क कुलूपबंद केली तर मशीन सुरू करणाऱ्या फायली वाचायच्या कुठून? म्हणून त्यांना वेगळा, उघडा भाग लागला. विंडोज ७ नं इन्स्टॉल होतानाच १०० एमबीचा असा भाग पाडायला सुरुवात केली; हेच ते सिस्टिम रिझर्व्हड पार्टिशन. त्याला ड्राइव्हचं अक्षर नाही, त्यामुळे 'माय कॉम्प्युटर'मध्ये तो दिसत नाही. विंडोज ८ मध्ये तो ३५० एमबी झाला, सुरुवातीच्या १० मध्ये ५००. 

आपल्याकडे २०११ च्या सुमारास संग्राम प्रकल्पातून ग्रामपंचायतींमध्ये संगणक पोचले, आणि गावोगावी खाजगी मशिनीही आल्या. बाजारात तेव्हा विंडोज ७ चा जोर होता. २०१५-१६ मध्ये विंडोज १० फुकट मिळालं, तेव्हा अनेकांनी ते जुन्यावरच चढवलं. पुढे मशीन हळू झाली म्हणून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली, तीही जुनी डिस्क क्लोन करून, म्हणजे जशीच्या तशी उतरवून. फॉरमॅट मारला तो फक्त सी ला. तीन-तीन वाटण्या होऊनही आजोबानं टाकलेला शेताचा धुरा हलू नये, तसे ते १०० एमबी जागच्या जागी राहिले.

हा भाग वाढवता का येत नाही? विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट एखाद्या पार्टिशनला त्याच्या लगेच उजवीकडचीच मोकळी जागा जोडतं. सी आक्रसला की जागा सुटते सी च्या उजव्या टोकाला, आणि हा भाग असतो डावीकडे. मग बाहेरचं पार्टिशन सॉफ्टवेअर लागतं. ते सी सरकवत असताना लाइट गेली तर डेटा गेलाच समजा, म्हणून यूपीएस नसेल तर हात लावू नये.

सोपा मार्ग आधी पाहावा. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार तिथं किमान १५ एमबी मोकळी हवी. त्या भागाला तात्पुरतं अक्षर देऊन बूटच्या फोल्डरातले फॉन्ट काढले की बहुतेकदा तेवढी सुटते. ते फॉन्ट सुरुवातीच्या स्क्रीनवर इतर भाषा दाखवण्यापुरते असतात.

जानेवारी २०२४ मध्ये हाच प्रकार रिकव्हरी पार्टिशनवर, म्हणजे बिघडलेलं विंडोज दुरुस्त करायची साधनं ठेवणाऱ्या भागावर आला. बिटलॉकरमधली एक फट बुजवणाऱ्या अपडेटला तिथं २५० एमबी मोकळी हवी होती. जगभर ते अडलं. मात्र नव्या मांडणीत हा भाग सी च्या उजवीकडे असतो, त्यामुळे सी थोडा कमी करून तो मोठा करता येतो.

नव्यानं इन्स्टॉल करायचंच असेल तर सी बरोबर हा जुना भागही काढावा लागतो, तेव्हाच सेटअप नवी मापं घेतं. त्यात सी वरचं सगळं जातं, आणि चुकून डी काढला तर तोही. स्कॅन केलेले दाखले, टॅलीचा डेटा आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या.