कूलंट गरम झालं म्हणजे ऑइल गरम झालं का?

लिक्विड-कूल्ड बाइकच्या मीटरवर ८० चा आकडा आला की बहुतेक जण इंजिन तयार झालं असं समजून थ्रॉटल पिळायला मोकळे होतात. पण तो आकडा कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा असतो. त्याच क्षणी ऑइल ५० अंशांच्या आसपासच रेंगाळत असू शकतं. ऑइलचं तापमान दाखवणारं मीटर फार थोड्या बाइकवर कंपनीकडून येतं. म्हणून जे दिसतं त्यावरच आपण विसंबतो आणि तिथेच घोळ होतो.

कूलंट सिलिंडर आणि हेडभोवती फिरतं, म्हणजे पेट्रोल जळतं त्या जागेला अगदी खेटून. थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडणारा व्हॉल्व्ह, उघडेपर्यंत ते रेडिएटरकडे जातच नाही, इंजिनातल्या इंजिनात फिरत राहतं. त्यामुळे पाचेक मिनिटांत तापतं. ऑइलचा मोठा साठा मात्र खाली संपमध्ये, बाहेरून वारा लागणाऱ्या ॲल्युमिनियमच्या खोक्यात असतो. पिस्टनच्या खालच्या बाजूची उष्णता, बेअरिंगमधलं घर्षण आणि गिअरची घुसळण यांवर ते सावकाश तापतं. गाडी चालती ठेवली तरी दहा-पंधरा मिनिटं सहज लागतात, थंडीत त्याहून जास्त.

पुढे दोघांच्या वाटाही वेगळ्या होतात. ट्रॅफिकमध्ये अडकलात की कूलंट भराभर चढतं, १०० च्या पुढे गेल्यावर फॅन सुरू होतो आणि आकडा खाली येतो. मोकळ्या रस्त्यावर जोरात वारा लागला की कूलंट शांत असतं, पण आरपीएम सतत वर असल्यामुळे ऑइल हळूहळू तापत जातं. कूलंटचा काटा जागचा हलत नाही आणि ऑइल १२० पार करतं, असं पूर्ण लोडवर होऊ शकतं.

ऑइलसाठी चांगला पट्टा ९० ते ११० अंशांचा. ऑइलच्या डब्यावरच्या १० डब्ल्यू-४० या ग्रेडमधला ४० हा आकडा १०० अंशांवरच्या चिकटपणावरून ठरतो: १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स. तेच ऑइल ४० अंशांवर ९०-१०० सेंटिस्टोक्सच्या घरात, म्हणजे सहा-सात पट घट्ट असतं. इतकं घट्ट ऑइल फिल्टरच्या कागदातून पुरेशा वेगाने जाऊ शकलं नाही, तर बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि ते न गाळताच पुढे जातं. थंड इंजिनवर आरपीएम वाढवू नका म्हणतात ते यासाठीही.

थंड ऑइलचं दुसरं नुकसान सावकाश होतं, आणि माझ्या मते त्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे जाते, पण थोडी पिस्टन रिंगच्या फटींतून खाली उतरते, सोबत न जळलेलं पेट्रोलही. ऑइल नीट तापलं की हे दोन्ही उडून ब्रीदरवाटे, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीवाटे, निघून जातं. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ते साठत राहतं. ऑइल भरायचं झाकण उघडून त्याची आतली बाजू बघा: पिवळट पांढरी, दुधाळ साय धरलेली दिसेल. कूलंटची पातळी घटत नसेल आणि इंजिनवरच्या काचेच्या खिडकीतून दिसणारं ऑइल स्वच्छ असेल, तर ती बहुधा नुसती ओल असते. कूलंटच ऑइलमध्ये उतरतंय असं समजून हेड गॅस्केट उघडायची घाई करू नका. गाडी अर्धा-पाऊण तास सलग चालवा आणि ऑइल थोडं लवकर बदला.

तापमान वर जाताना १२० पर्यंत चांगलं ऑइल कुरकुरत नाही. १३० च्या पुढे सतत राहिलं की मात्र ते लवकर म्हातारं होतं. दर १० अंशांना ऑक्सिडेशनचा वेग अंदाजे दुप्पट होतो. सिंथेटिक जास्त तग धरतं. बाइकमध्ये बहुधा हेच ऑइल गिअरबॉक्स आणि वेट क्लचलाही (ऑइलमध्येच चालणाऱ्या क्लचला) पुरतं, आणि गिअरचे दात त्यातले घट्टपणा टिकवणारे पॉलिमर तोडून ते आधीच पातळ करत असतात. डब्यावरचं जासो एमए २ हे मानक मुख्यतः क्लच घसरणार नाही एवढं सांगतं, उष्णतेबद्दल त्यातून फारसं कळत नाही. शिवाय डिपस्टिकवरचा (ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवरचा) थर्मामीटर संपमधलं तापमान दाखवतो. पिस्टन रिंगच्या खाचेत तेच ऑइल २०० अंशांच्या वर भाजत असतं.

आता ऑइल कूलर. रेडिएटरसारखाच जाळीदार, तोही पुढेच बसवलेला, पण काम वेगळं. रॉयल एन्फिल्डच्या ६५० ट्विनमध्ये तो हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हातभार लावतो. १९८५ च्या सुझुकी जीएसएक्स-आर ७५० मध्ये तर ऑइलचा फवारा पिस्टनखाली आणि कंबशन चेंबरच्या माथ्यावर मारून इंजिन थंड ठेवलं जायचं, तिथे कूलर हाच रेडिएटर. अनेक लिक्विड-कूल्ड बाइकमध्ये फिल्टरपाशी एक छोटा हीट एक्स्चेंजर असतो. त्यातून कूलंट फिरतं, ते सुरुवातीला ऑइलला ऊब देतं आणि नंतर त्याची उष्णता खेचून घेतं. मला हीच रचना सगळ्यात शहाणी वाटते.

बाहेरून कूलर बसवण्याआधी ऑइलचं तापमान मोजा. सगळ्यात कडक राइडवरही ते १०५ च्या आसपास असेल, तर कूलर तुम्हाला फक्त थंड ऑइल आणि गळू शकणारे दोन-चार जास्तीचे जोड देईल. १३० च्या वर जात असेल तर आधी ऑइलची पातळी बघा. मग सिलिंडरच्या फिनमधला चिखल आणि मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) तर नाही ना, हे तपासा. तरीही कूलर लागलाच तर ८० च्या आसपास उघडणारा थर्मोस्टॅट असलेलाच घ्या. तो आहे की नाही हे हातालाच कळतं: थंड इंजिन सुरू करा, पहिली काही मिनिटं कूलर गारच राहिला पाहिजे. लगेच कोमट लागला तर ऑइल सुरुवातीपासूनच त्यातून फिरतंय. थर्मोस्टॅट नसेल तर थंडीत अर्धा कूलर झाकतात, पण ऊन वाढताच ते झाकण काढायला हवं.

कूलर बसवल्यावर इंजिन थोडा वेळ चालवून, बंद करून, पातळी पुन्हा बघा, कारण पाइप आणि कूलर आपल्या वाट्याचं ऑइल पिऊन घेतात. आणि धुताना प्रेशरचा फवारा जवळून मारू नका. पातळ फिन लगेच वाकतात आणि वाऱ्याची वाट बुजते.