सटरफटर सामानाचे डबे (घरगुती वर्कशॉप)

घरच्या घरी दुरुस्ती करणाऱ्या माणसाकडं जमा झालेलं नट, बोल्ट, वायसर, बेरिंग, छर्रे, स्प्रिंगा, वायरीचे लग, फ्यूज, ओ-रिंगा (रबरी कड्या) असलं बारीकसारीक सामान पाहिजे त्या वेळी सापडावं आणि किती उरलंय ते कळावं म्हणून केलेली मांडणी. विदर्भातल्या खेड्यात याला वेगळं नाव नाही, कोणी डबे लावणं म्हणतं, कोणी काहीच म्हणत नाही. वर्कशॉप म्हणजे तरी काय, छपरीचा एक कोपरा नाहीतर कोठ्यात गव्हाणीच्या पलीकडची जागा, तिथं एक व्हाइस (वस्तू घट्ट धरायचा शिकंजा), एक ग्राइंडर आणि भिंतीला ठोकलेली फळी.

शहरात नट पाहिजे तर गल्लीच्या तोंडाशी दुकान असतं, इथं त्याच नटासाठी एसटीनं तालुक्याला जावं लागतं आणि जरा वेगळं काही असलं तर डायरेक्ट नागपूरच्या इतवारीत, लोहा ओळीत, आणि मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की तिफण एका बोल्टासाठी दोन दिवस उभी ठेवता येत नाही. म्हणून कोणी काही फेकत नाही, "राहू दे बाप्पा, कामी पडते" म्हणून जुन्या पंपाचं, सायकलचं, पंख्याचं, फवारणी पंपाचं सगळं काढून ठेवतात. फरक इथंच पडतो. विकत आणलेल्या सेटमध्ये ठरलेली मापं असतात आणि प्रत्येकाचे वीस-वीस नग, आपल्याकडं मापं शंभर आणि नग एक किंवा दोन. त्यामुळं खणाखणाचं कपाट घेऊन प्रत्येक मापाला एक खण द्यायचा हा जो सल्ला सगळीकडं मिळतो तो इथं जसाच्या तसा चालत नाही, अर्धे खण रिकामे राहतात आणि उरलेलं सगळं "इतर" नावाच्या एका पिप्यात जातं.

खरा वाद मापानुसार ठेवायचं का मशीननुसार, हा आहे. माझं मत, नट-बोल्ट-वायसर मापानुसार आणि बाकी सगळं मशीननुसार. फवारणी पंपाचे वायसर, नोझल, ओ-रिंगा एका डब्यात, ड्रिपचं १६ एमएमचं जॉइनर, ग्रोमेट, एंड कॅप दुसऱ्यात, मोटारपंपाची ग्लँड दोरी आणि स्टार्टरचे कॉन्टॅक्ट तिसऱ्यात. कारण पंप बिघडला की तो डबा उचलून सरळ वावरात नेता येतो, आणि आपण घरी नसलो तरी घरच्यांना फोनवर सांगता येतं की हिरव्या झाकणाचा डबा द्या त्याच्याजवळ.

मापानुसार ठेवायचं म्हटलं की भानगड सुरू होते, कारण गावात दोन भाषा एकदम चालतात, सूत आणि एमएम. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला तरी सायकली, जुनी इंजिनं आणि लोहाराच्या हातची अवजारं यांच्यामुळं सूत अजून गेलेलं नाही. तीन सूतचा बोल्ट ९.५ एमएमचा, डोळ्याला तो दहासारखाच दिसतो. आट्यांतलं अंतर पण जवळजवळ सारखं, दहाच्या बोल्टचं १.५ एमएम आणि तीन सूतच्या जुन्या इंग्लिश आट्याचं (हा व्हिटवर्थ आटा, १८४१ पासूनचा, कोन ५५ अंशाचा, मेट्रिकचा ६०) साधारण १.५९. म्हणून तीन सूतच्या बोल्टवर दहाचा नट पहिले दोन-तीन आटे मस्त फिरतो, थोडा ढिला वाटतो, आणि मग अडतो, मग आपण पाना लावून जोर करतो आणि आटे खराब होतात. हे दोन जिथं एका डब्यात आहेत तिथं हे होणारच.

दुसरा घोटाळा नावाचा. सहा एमएमच्या बोल्टला दहाचा पाना लागतो आणि आठच्याला तेराचा, आणि गावातले पोट्टे बोल्टला पान्याच्या नंबरानंच ओळखतात. म्हणून डब्यावर नुसतं "१०" लिहिलं तर मी जाडी समजतो आणि भाचा पाना, दोघं आपापल्या जागी बरोबर. दोन्ही लिहावं, "जाडी ६, पाना १०", किंवा सगळ्यात बेस म्हणजे डब्याच्या झाकणाला छिद्र पाडून तोच बोल्ट नटासकट कसून टाकायचा, वाचायची गरजच नाही. फळीवर प्रत्येक मापाचा एकेक बोल्ट उभा बसवून ठेवला की अनोळखी नट त्याच्यावर फिरवून पाहता येतो, ढिला न लागता शेवटपर्यंत हातानं गेला तर तेच माप. तासाभराचं काम आहे आणि घरात या एका फळीइतकी उपयोगाची वस्तू मला दुसरी माहीत नाही.

बेरिंगचं सोपं आहे, त्याच्यावर नंबर असतो, डिझेलनं पुसला की दिसतो. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच म्हणजे आतलं छिद्र, ६२०४ चं २० एमएम, ६२०५ चं २५. पण ६२०२ आणि ६२०३ ला हा हिशोब लागत नाही, त्यांचं १५ आणि १७. नंबर मिटायच्या आधी पेंटनं डब्यावर लिहून टाकावा. सायकलचे छर्रे बहुतेक दोनच मापाचे, मागच्या चाकाचे दोन सूत, पुढच्याचे दीड सूत, वेगळ्या डब्यांत, कारण मिसळले की संध्याकाळ त्याच्यातच जाते.

डबे विकत आणायची गरज नाही. पाच लिटरचा तेलाचा कॅन आडवा ठेवून वरची बाजू कापली की खण तयार, मूठ आधीच लागलेली. काचेच्या बरणीचं झाकण फळीला खालून स्क्रूनं बसवलं की बरणी लटकते आणि आतलं दिसतं. खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या) पन्नीत वायसर बांधून ठेवणारे पण आहेत, पण सगळ्या पन्न्या सारख्याच दिसतात आणि कोणीतरी एखादी वायसरची पन्नी तोंडाजवळ नेईपर्यंत कळत नाही. कीटकनाशकाची रिकामी बाटली मात्र वापरू नये, किती का धुतलेली असेना, आणि लाल त्रिकोणवाली (सगळ्यात जहाल विषाची) तर अजिबात नाही.

इथल्या हवेचा पण विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की चिकटपट्टीची लेबलं गळून पडतात, मार्करची शाई उडते, रबर कडक होतं. ओ-रिंगा टाल्कम पावडर लावून बंद डब्यात ठेवल्या तर टिकतात. पावसाळ्यात उलटं, उघड्या गंजात नट ठेवले तर चार दिवसांत गंज चढतो (आमच्याकडं भांड्याला पण गंजच म्हणतात), थोडं तेल फिरवून झाकण लावलं की पुरे.

हिशोब ठेवायचा तर कारखान्यांत दोन डब्यांची पद्धत असते, जपानच्या टोयोटामध्ये ताईची ओनो यांनी रुजवलेल्या कानबानशी (माल वापरला गेला की चिठ्ठीनं पुढचा मागवायची रीत) तिचं जवळचं नातं आहे. एक डबा संपला की दुसरा उघडायचा आणि तेव्हाच पहिल्याची ऑर्डर द्यायची. घरी हे जास्त लागणाऱ्या पाच-सहा वस्तूंनाच करावं, आपण तर रिकामी डबी पिशवीत टाकून बाजाराच्या दिवशी घेऊन जातो, दुकानदाराला नाव सांगायचं कामच नाही. मोजायचं असेल तर दहा नट तोलायचे, मग सगळे तोलायचे, भागाकार करायचा. मोबाईलमध्ये यादी करणारे करतात, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी पार्ट-डीबी, इन्व्हेनट्री अशी फुकटची सॉफ्टवेअर पण आहेत, पण तेलकट हातानं फोन कोण उघडतं. शाळेची वही आणि दोरीला बांधलेला पेन चालतो.

एक डबा मात्र सगळ्यांपासून लांब ठेवावा, रोटाव्हेटरच्या शिअर बोल्टचा. हा बोल्ट मुद्दाम असा असतो की दगड लागला की तो तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावा. त्याच्या जागी चुकून त्याच्याहून कडक बोल्ट गेला तर तो तुटत नाही, पुढचं तुटतं. हे मी माझ्या खर्चानं शिकलो, डब्यात दोन्ही होते आणि अंधारात हाताला जो लागला तो लावला.

आणि वहीचं शेवटचं पान उसन्याचं. शेजारी पाना नेतो, टॅप (आटे पाडायचं अवजार) नेतो, त्याच्या जागी खिळ्याला चिठ्ठी अडकवली की पाना येतो परत, उशिरा का होईना. बोल्ट येत नाही. तो त्याच्या डवऱ्याला (कोळप्याला) फिट झालेला असतो आणि डवरा वावरात चालू असतो.