रात्रीची दुधाची बाटली आणि दातांवरचं आम्ल

इंग्लंडमध्ये पाच वर्षांच्या मुलांचे दात सरकारतर्फे ठरावीक वर्षांनी तपासले जातात. 2022 च्या पाहणीत 23.7 टक्के मुलांचा निदान एक तरी दात किडलेला, किडीमुळे भरलेला किंवा काढलेला निघाला. आशियाई वंशाच्या मुलांत हेच प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त होतं. तिथे 5 ते 9 वर्षांची मुलं रुग्णालयात दाखल होतात त्याचं सर्वांत मोठं कारणही किडलेले दात काढणं हेच आहे.

असे आकडे आले की तिथल्या मराठी घरांतून एक प्रश्न हमखास येतो. आम्ही तर घरचंच जेवतो, वरण-भात, पोळी-भाजी, चॉकलेट क्वचित. मग आमच्या मुलांचे दात का किडावेत? प्रश्न रास्त आहे. गरिबी हे एक कारण आहेच, आणि ‘आशियाई’ या एका रकान्यात भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी अशी वेगवेगळ्या परिस्थितीतली घरं एकत्र येतात. पण नॉर्वेत 18 वर्षांखालच्या मुलांवर सरकारी दंतोपचार मोफत होतात, आणि तरीही ऑस्लोतल्या अभ्यासांत स्थलांतरितांच्या लहान मुलांत कीड जास्तच आढळली. म्हणजे उपचारांचा खर्च बाजूला काढला तरी काहीतरी उरतं. ते काय, हे कळायला दाताच्या पृष्ठभागावर मिनिटामिनिटाला काय घडतं ते पाहायला हवं. या सगळ्या विषयात मला सर्वांत विलक्षण वाटतो तो हाच भाग.

दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे इनॅमल, मुख्यतः हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट या खनिजाचं असतं. त्यात कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल असतात. लाळेतही कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळलेलं असतं, आणि चांगलं भरपूर असतं. शाळेत मिठाचं संपृक्त द्रावण केलेलं आठवत असेल: एका मर्यादेनंतर आणखी मीठ टाकलं तरी ते तळाशी तसंच राहतं. सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) 7 च्या आसपास असतो तोवर लाळ दाताच्या खनिजाच्या बाबतीत अशीच संपृक्त, किंबहुना अतिसंपृक्त असते. म्हणून दात आयुष्यभर ओले राहूनही विरघळत नाहीत.

आता दातावरच्या चिकट थरातल्या जिवाणूंना साखर मिळाली की ते तिच्यापासून लॅक्टिक आम्ल बनवतात. (त्यांतला सर्वांत बदनाम स्ट्रेप्टोकॉकस म्युटान्स, 1924 साली लंडनमध्ये जे. किलियन क्लार्क यांनी तो किडलेल्या दातांतून वेगळा केला.) आम्लातले हायड्रोजन आयन (म्हणजे विद्युतभार असलेले कण) हायड्रॉक्सिलला गाठून त्याचं पाणी करतात आणि फॉस्फेटला चिकटून त्याचं हायड्रोजन फॉस्फेट करतात. स्फटिक टिकायला जे आयन मूळ रूपात लागतात, तेच द्रावणात कमी पडतात. म्हणजे तिथलं कॅल्शियम घटलेलं नसतानाही तेच द्रावण आता असंपृक्त ठरतं आणि दातातून खनिज ओढून घेऊ लागतं. ही सीमा सामू 5.5 च्या आसपास येते. ती अगदी पक्की रेघ नव्हे. आजूबाजूला कॅल्शियम जास्त असलं तर ती थोडी खाली सरकते.

1940 च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने लोकांना ग्लुकोजच्या पाण्याने चूळ भरायला लावून दातांवरच्या थराचा सामू मोजला. काही मिनिटांत तो 5 च्या आसपास किंवा त्याच्याही खाली कोसळतो, आणि मग लाळेतल्या, आम्ल मारणाऱ्या बायकार्बोनेटमुळे हळूहळू वर येतो. पूर्ववत व्हायला साधारण 30 ते 60 मिनिटं लागतात. या आलेखाला स्टीफनचा वक्र म्हणतात. तो वर आला की लाळेतलं खनिज पुन्हा दातात बसू लागतं. एक पेढा एका दमात खाल्ला तर आलेखात एक खड्डा पडतो. तोच पेढा चार तुकडे करून दुपारभर खाल्ला तर चार खड्डे, आणि भरपाईला वेळच उरत नाही. स्वीडनमध्ये 1945 नंतर व्हिपेहोल्म इथल्या संस्थेत झालेल्या प्रयोगांतही जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेपेक्षा दोन जेवणांच्या मध्ये चघळलेली चिकट टॉफी कितीतरी घातक ठरली. ते प्रयोग बौद्धिक अक्षमता असलेल्या रुग्णांवर झाले होते आणि ते अन्याय्यच होते, हेही सांगायला हवं.

हा आलेख डोळ्यांसमोर ठेवून परदेशातलं एखादं मराठी घर पाहा. व्हिडिओ कॉलवर पुण्याहून आवाज येतो, “किती बारीक झालंय गं पोर!” आई कानकोंडी होते. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या आजी वाटी-चमचा घेऊन नातवामागे फिरतात. मोबाईल लावला की तोंड उघडतं, पण घास गिळला जात नाही. मऊ भात गालात तसाच धरून ठेवलेला असतो. लाळेतलं अमायलेज हे पाचक द्रव्य त्या भातातल्या स्टार्चची माल्टोज नावाची साखर करत राहतं, आणि जेवण तासभर चालतं. मध्ये राजगिऱ्याची चिक्की, दोन खजूर, मूठभर मनुका, चहाबरोबर बिस्किट. यातलं काहीही चोरून दिलेलं नसतं. सगळं मायेने, पौष्टिक म्हणून दिलेलं असतं. गुळात लोह असतं खरं, पण त्यातला मोठा हिस्सा सुक्रोजच असतो, आणि जिवाणूंना तो गुळातून आला की साखरेतून, याने काहीच फरक पडत नाही.

त्यात रात्रीची बाटली सर्वांत वाईट, कारण झोपेत लाळ जवळजवळ थांबते. स्टीफनच्या वक्रातला वर चढणारा भाग लाळेवर अवलंबून असतो. लाळच नाही तर सामू तासन्‌तास खालीच राहतो. नुसतं दूध त्यातल्या त्यात सौम्य, पण साखर किंवा चॉकलेटची पूड घातलेलं दूध तोंडात ठेवून बाळ झोपलं तर वरचे पुढचे दात रात्रभर त्यात भिजतात. खालचे पुढचे दात बहुधा वाचतात, कारण त्यांना जीभ झाकते आणि जिभेखालच्या ग्रंथींची लाळ तिथेच येते. दुधाच्या दातांचं इनॅमल कायमच्या दातांपेक्षा पातळ असल्यामुळे कीड आत पोचायलाही वेळ लागत नाही. ‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ असं म्हणतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात.

दुसरी अडचण फ्लोराइडच्या भीतीची. ती उगाच आलेली नाही. यवतमाळ, नांदेड, चंद्रपूर भागातल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडने दात डागाळलेले आणि हाडं वाकलेली माणसं आपण पाहिली आहेत. पण हिशेब करून पाहू. लिटरला 3 मिलिग्रॅम फ्लोराइड असलेलं पाणी मुलाने दिवसाला लिटरभर प्यायलं तर पोटात 3 मिलिग्रॅम जातं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या ब्रशवर ब्रिटनमध्ये नुसता पातळ लेप लावायला सांगतात, निदान 1000 पीपीएमच्या (म्हणजे दशलक्ष भागांत 1000 भाग फ्लोराइड असलेल्या) पेस्टचा. तो 0.1 ग्रॅम धरला तर सगळा गिळला तरी 0.1 मिलिग्रॅम होतो, म्हणजे तीसपट कमी. आणि दातावर राहिलेलं फ्लोराइड नव्या स्फटिकात हायड्रॉक्सिलची जागा घेतं. असं फ्लोरअ‍ॅपेटाइट साधारण 4.5 सामूपर्यंत तग धरतं. इंग्लंडमध्ये नळाच्या पाण्यात फ्लोराइड असलेली वस्ती जेमतेम दहा टक्के आहे. बर्मिंगहॅमला ते 1964 पासून मिळतं, लंडनला नाही. म्हणून तिथे पेस्टचं महत्त्व आणखी वाढतं, आणि भारतातून बॅगेत भरून नेलेली ‘नैसर्गिक, फ्लोराइडविरहित’ पेस्ट मुलाचं हे संरक्षण काढून घेते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडून दाखवणाऱ्यांइतकाच मला या जाहिरातींचा राग येतो. दातात किडा कधीच नसतो.

घरचं जेवण सोडायची काहीच गरज नाही. मेतकूट-भात, थालीपीठ, घावन, उसळ हे मुलांसाठी उत्तमच आहे. बदलायचं आहे ते वेळापत्रक. जेवण अर्ध्या तासात आटपावं, चिक्की-खजूर जेवणाच्या शेवटी द्यावेत, मधल्या वेळी पनीरचा तुकडा, काकडी किंवा बिनसाखरेचं ताक, आणि तहानेला पाणीच. बाटली वर्षाच्या सुमाराला सुटावी आणि तिच्या जागी पेला यावा. रात्रीचं दूध ब्रशच्या आधी. ब्रश सात वर्षांपर्यंत मोठ्यांनी करून द्यावा, आणि नंतर खळखळून चूळ भरू नये, नुसतं थुंकावं. स्तनपान मात्र या भीतीने तोडू नये. दात आल्यावर रात्री झोपण्याआधी ते स्वच्छ करावेत.

आजींना हे सगळं सांगताना वाद होतो. तेव्हा मुलाला खिडकीशी, उजेडात न्यावं आणि त्याचा वरचा ओठ बोटाने उचलून त्यांनाच दाखवावं. हिरडीला लागून खडूसारखी पांढरी, चमक नसलेली रेघ दिसली तर खनिज जाऊ लागलं आहे, पण पृष्ठभाग अजून शाबूत आहे. खाण्याच्या वेळा सुधारल्या आणि फ्लोराइड मिळालं तर ती थांबते, पुष्कळदा भरूनही येते. तपकिरी खळगा दिसला तर थांबू नये. ब्रिटनमध्ये 18 वर्षांखालच्या मुलांना एनएचएसचे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, दंतोपचार मोफत आहेत, आणि तीन वर्षांपासून वर्षातून निदान दोनदा फ्लोराइडचा लेपही लावून मिळतो.