कर्नल जिथे कोसळतो, चूक तिथेच असते का?

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पॅनिक झाला (गंभीर चुकीमुळे थांबला) की स्टॅक ट्रेसमधलं, म्हणजे त्या क्षणी चालू असलेल्या फंक्शनांच्या यादीतलं, सर्वांत वरचं फंक्शन दोषी, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. नल पॉइंटरच्या (कुठल्याच जागेकडे न नेणाऱ्या पत्त्याच्या) साध्या चुकीत तो बहुतेकदा खराही ठरतो. मेमरी करप्शनमध्ये, म्हणजे मेमरीतला मजकूर चुकून बिघडतो तेव्हा, मात्र तो भलतीकडेच नेतो.

समजा, एका ड्रायव्हरने मेमरी फ्री केली, पण जुना पॉइंटर जवळच ठेवला. अ‍ॅलोकेटरने (मेमरी वाटणाऱ्या भागाने) तोच तुकडा फाइल सिस्टिमला दिला. मग ड्रायव्हरने जुन्या पॉइंटरवरून तिथे लिहिलं. कोसळते ती फाइल सिस्टिम, कधी लगेच, कधी तासांनी. ट्रेसमध्ये ड्रायव्हरचं नावही नसतं. अशा वेळी फाइल सिस्टिममध्ये नल चेक घालणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

लिनक्समध्ये आधी रजिस्टर (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवण-जागा) पाहा. स्लब पॉइझनिंग (रिकाम्या मेमरीत ठरावीक खूण भरण्याची सोय) चालू असेल तर फ्री केलेल्या जागेत ६बी (6b) हा बाइट भरलेला असतो. पत्त्यात ६बी६बी६बी दिसलं, की फ्री झालेली मेमरी कुणीतरी वापरतंय हे जवळजवळ नक्की.

पुढचं काम केॲसॅनचं (KASAN), म्हणजे कर्नलमधल्या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनाचं. २०१५ च्या ४.० आवृत्तीपासून तो कर्नलमध्ये आहे. त्याच्या मूळ पद्धतीत दर ८ बाइटांमागे १ बाइट शॅडो मेमरी (त्यातले कोणते बाइट वापरायला योग्य, याची नोंद) राखली जाते, त्यामुळे चुकीचा वापर बहुतेकदा त्याच क्षणी पकडला जातो. ती जागा कुणी घेतली आणि कुणी सोडली, हेही तो छापतो. माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग हाच.