चाळिशीच्या काचेतला धूसरपणा जातो कुठे?

चाळिशी लागते म्हणजे डोळ्यातलं भिंग कडक होतं आणि जवळचं बघताना पुरेसं फुगत नाही. मग लांबचा नंबर वेगळा, वाचायचा वेगळा. बायफोकलमध्ये दोन्ही मिळतात, पण मधल्या अंतरावरचा कॉम्प्युटर कुठल्याच भागात नीट दिसत नाही. १९५९ साली फ्रान्समध्ये बर्नार मेतनाझ या अभियंत्याची ‘व्हॅरिलक्स’ काच बाजारात आली. तिच्यात वरून खाली नंबर हळूहळू वाढत जातो. अशा काचेला प्रोग्रेसिव्ह म्हणतात.

हे साधतं काचेच्या बाकामुळे. नेहमीच्या १.५ अपवर्तनांकाच्या (काच उजेड किती वाकवते, त्याचं माप) काचेवर १०० मिलिमीटर त्रिज्येचा बाक ५ डायॉप्टर (नंबर मोजायचं एकक) शक्ती देतो. ती ७ करायची तर त्रिज्या सुमारे ७१ मिलिमीटर हवी. एवढा फरक जेमतेम १४ मिलिमीटर उंचीत, कुठेही सांधा न दिसता पाडायचा असतो.

खरी अडचण इथेच आहे. प्रत्येक बिंदूपाशी सगळ्या दिशांना सारखाच बाक असलेला वक्र पृष्ठभाग एकच, तो म्हणजे गोल. आणि गोलाचा नंबर सगळीकडे एकच. नंबर बदलायचा म्हटलं की कडेला आडवा बाक वेगळा, उभा वेगळा होणारच. तोच तिथला नको असलेला सिलिंडर नंबर, आणि त्यानेच तिथलं धूसर दिसतं. मिंकवित्झ यांनी १९६३ मध्ये याचं गणित मांडलं: मधल्या रेषेवर नंबर ज्या वेगाने वाढतो, त्याच्या दुप्पट वेगाने तिच्या दोन्ही बाजूंना सिलिंडर वाढतो. १४ मिलिमीटरमध्ये २ डायॉप्टर वाढवले, तर सिलिंडर अर्ध्या डायॉप्टरच्या आत असलेली स्वच्छ पट्टी उरते साडेतीन मिलिमीटर रुंद. उंची १० मिलिमीटर केली की अडीचच. फॅशनच्या बुटक्या फ्रेममध्ये प्रोग्रेसिव्ह बसवताना गिऱ्हाइकाला हे आधी सांगायलाच हवं, असं मला वाटतं.

आज संगणक बिंदूबिंदूचा बाक ठरवतो आणि हिऱ्याच्या टोकाचं यंत्र तो कोरतं. तरी धूसरपणा नाहीसा होत नाही, फक्त हलवता येतो. तो कडेला, खालच्या कोपऱ्यांत दाटून ठेवला तर लांबचं आणि वाचायचं क्षेत्र ऐसपैस मिळतं, पण मान वळवली की पायऱ्या डुलतात. पातळ पसरवला तर डुलणं कमी, आणि स्वच्छ जागाही कमी. वाचताना डोळे नाकाकडे वळतात, म्हणून ती पट्टीही खाली जाताना नाकाकडे कलती ठेवतात.

काचेवर तोंडाची वाफ सोडून उजेडात तिरकी धरा. ३४ मिलिमीटर अंतरावर दोन बारीक खुणा उमटतील. कानाकडच्या खुणेखाली वाढीव नंबर कोरलेला असतो. डोळ्याच्या बाहुलीसमोर काच नेमकी बसली का, हे या खुणांवरून तपासतात. साडेतीन मिलिमीटरच्या पट्टीत दोन मिलिमीटरची चूक झाली, तर डोळा थेट धूसर भागात जातो. म्हणून बाहुलीचं माप फ्रेम नाकावर नीट बसवून, तुम्ही समोर बघत असतानाच घ्यायला सांगा.