रॉसलिन–बॉलस्टन पट्टा

रॉसलिन–बॉलस्टन पट्टा : अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या आर्लिंग्टन काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा स्थानिक प्रशासनाचा विभाग) मेट्रो रेल्वेच्या पाच भुयारी स्थानकांभोवती वाढवलेला दाट नागरी पट्टा. वॉशिंग्टन डी. सी. शहरासमोर, पोटोमॅक नदीच्या पश्चिम काठावर रॉसलिन येथे तो सुरू होतो आणि कोर्ट हाउस, क्लॅरेंडन, व्हर्जिनिया स्क्वेअर या स्थानकांवरून बॉलस्टनपर्यंत सुमारे ५ किमी. जातो. उपनगर आडवे पसरू न देता त्याची वाढ स्थानकांपाशी गोळा करायची, या धोरणाचे हे अमेरिकेतील बहुचर्चित उदाहरण आहे. नगररचनेच्या अभ्यासात त्याचा उल्लेख सहसा यशोगाथा म्हणून येतो. ते बव्हंशी खरे असले, तरी या यशाची किंमत कोणी मोजली हेही सांगायला हवे.

आर्लिंग्टनचे क्षेत्रफळ जेमतेम ६७ चौ. किमी. आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे ट्रॅमच्या कडेने घरे वाढली आणि दोन ट्रॅममार्ग मिळत त्या क्लॅरेंडनला बाजारपेठ बसली. दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅम गेली आणि मोटार आली. १९५१ मध्ये बॉलस्टनच्या चौकात पार्किंग्टन नावाचे खरेदी संकुल उघडले. त्याचे मोठे आकर्षण म्हणजे अनेक मजली वाहनतळ. पुढे शहराबाहेर आणखी मोठे मॉल झाले, १९६८ मध्ये शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीत टायसन्स कॉर्नरचा मॉल सुरू झाला आणि क्लॅरेंडनच्या दुकानांचे गिऱ्हाईक तिकडे वळले. रॉसलिनमध्ये लाकडाच्या वखारी आणि गहाणवटीची दुकाने हटवून १९६० च्या दशकात कार्यालयांच्या इमारती उठल्या होत्या, पण संध्याकाळनंतर तेथे शुकशुकाट असे. काउंटीची लोकसंख्या १९७० मध्ये १,७४,२८४ होती. १९८० मध्ये ती १,५२,५९९ वर आली. म्हणजे पुढे जे घडले ते भरभराटीच्या जोरावर नव्हे, उतरणीच्या काळात ठरले.

मार्गाचा निर्णय : वॉशिंग्टन परिसराच्या मेट्रोचा आराखडा १९६० च्या दशकात आकार घेत होता. पश्चिमेकडची मार्गिका नियोजित आंतरराज्य महामार्ग ६६ च्या दुभाजकातून न्यावी, हा स्वस्त आणि सोपा पर्याय पुढे आला होता. जमीन आयतीच मिळणार होती आणि बांधकामही उघड्यावर करता येणार होते. आर्लिंग्टनच्या प्रशासनाने त्याला विरोध केला. महामार्गाच्या मध्यभागी असलेल्या स्थानकाच्या दोन्ही अंगांना भरधाव गाड्याच असतात. तेथे उतरून चालत जाण्याजोगे काही वसतच नाही. म्हणून खर्च वाढला तरी चालेल, पण रेल्वे विल्सन बुलेव्हार्ड आणि फेअरफॅक्स ड्राइव्ह या जुन्या व्यापारी रस्त्यांच्या खालून, भुयारातूनच गेली पाहिजे, असा आग्रह काउंटीने धरला आणि तो मान्य करून घेतला. रॉसलिन स्थानक १ जुलै १९७७ रोजी उघडले, तर बॉलस्टनपर्यंतची ऑरेंज मार्गिका १ डिसेंबर १९७९ रोजी.

महामार्गाची लढाई वेगळी चालली. रहिवासी न्यायालयात गेले आणि काम काही वर्षे अडले. १९७७ मध्ये केंद्रीय वाहतूकमंत्री विल्यम कोलमन यांनी रस्त्याला चारच पदर आणि अवजड ट्रकना बंदी अशा अटींवर परवानगी दिली. रस्ता १९८२ मध्ये खुला झाला. बॉलस्टनच्या पुढे मेट्रो भुयारातून बाहेर पडून याच महामार्गाच्या दुभाजकात शिरते. त्यामुळे मेट्रोच्या एकाच मार्गिकेवर दोन्ही पर्यायांचे परिणाम आज पाहता येतात.

आराखडा आणि वाटाघाट : प्रत्येक स्थानकाभोवती सुमारे ४०० मीटरांचे वर्तुळ कल्पून त्यात सर्वाधिक उंची व घनता द्यायची, बाहेर सरकत जाईल तशी ती उतरवत न्यायची आणि कडेला असलेली बैठी, अंगणाची घरे तशीच राखायची, असे सूत्र काउंटीने ठरवले. नेमबाजीच्या फळ्यावरील वर्तुळांवरून त्याला ‘बुल्स-आय’ म्हणतात. स्थानके जवळजवळ असल्याने ही वर्तुळे एकमेकांना भिडून सलग पट्टा तयार झाला. प्रत्येक स्थानकाला स्वतंत्र क्षेत्र आराखडा मिळाला : रॉसलिनला कार्यालये, कोर्ट हाउसला शासकीय केंद्र, क्लॅरेंडनला दुकाने व उपाहारगृहे, व्हर्जिनिया स्क्वेअरला निवास व शिक्षणसंस्था आणि बॉलस्टनला नवे मध्यवर्ती केंद्र. जॉर्ज मेसन विद्यापीठाचे विधी महाविद्यालय व्हर्जिनिया स्क्वेअरला आहे.

खरी मेख मात्र नकाशात नाही, परवानगीच्या पद्धतीत आहे. वाढीव घनता नकाशावर दिसत असली, तरी ती बिल्डरला हक्काने मिळत नाही. मूळ भूखंडावर जुना, कमी बांधकामाचाच नियम लागू राहतो. जास्त मजले हवे असतील तर ‘साइट प्लॅन’ (त्या भूखंडापुरता बांधकामाचा आराखडा) घेऊन काउंटी मंडळापुढे यावे लागते. तेथे रुंद पदपथ, तळमजल्यावर दुकाने, वाहनतळ जमिनीखाली, परवडणाऱ्या घरांसाठी निधी किंवा सदनिका अशी देवघेव होते. प्रक्रिया वेळखाऊ आहे आणि बिल्डर तिच्या नावाने बोटे मोडतात. पण तिच्यामुळे पदपथ इमारतीबरोबरच तयार होतो, मागाहून नव्हे.

क्लॅरेंडनची कहाणी : मेट्रोच्या खोदकामाने क्लॅरेंडनचे रस्ते काही वर्षे उखडलेले होते. गिऱ्हाईक तुटले, भाडी उतरली. नेमक्या त्याच काळात, १९७५ मध्ये दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव कम्युनिस्टांच्या हाती पडल्यानंतर, व्हिएतनामी निर्वासित वॉशिंग्टन परिसरात आले आणि त्यांनी या स्वस्त गाळ्यांत किराणा, शिंपीकाम, जवाहिर, खाणावळी थाटल्या. लोक या भागाला ‘लिटल सायगाव’ म्हणू लागले. रेल्वे सुरू झाली, जमिनीचा भाव चढला, भाडी वाढली, जुन्या इमारती पाडल्या जाऊ लागल्या आणि १९८० च्या दशकात बहुतेक दुकानदारांनी शेजारच्या फॉल्स चर्चमधील ईडन सेंटरचा रस्ता धरला. ते आजही अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोठे व्हिएतनामी व्यापारकेंद्र आहे, आणि मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर नाही. आराखड्यात मालमत्ताधारकांचा विचार होता. भाडेकरू दुकानदारांना त्यात जागा नव्हती. २००१ मध्ये क्लॅरेंडनला सीअर्स कंपनीच्या जुन्या जागेवर दुकाने व सदनिकांचे संकुल उभे राहिले आणि हा भाग पगारदार तरुणांचा झाला.

परिणाम : पट्ट्यातील स्थानकांना मेट्रोचे मोठे वाहनतळ मुद्दामच दिलेले नाहीत, बहुतेक प्रवासी पायी येतात. हजारो नवी घरे आणि कार्यालये येऊनही विल्सन बुलेव्हार्डवरील मोटारींची वर्दळ त्या प्रमाणात वाढली नाही, काही टप्प्यांत ती घटली. वाढ दाट केली की रस्ते तुंबणारच, या समजुतीला इतके स्पष्ट उत्तर क्वचितच मिळते. हा पट्टा आणि पेंटॅगॉन सिटी–क्रिस्टल सिटीचा दुसरा मेट्रो पट्टा मिळून काउंटीची सुमारे एकदशांश जमीन व्यापतात, पण मालमत्ता कराचा जवळपास निम्मा आधार तेथून येतो. बाकीच्या नऊ-दशांश भागातील रहिवाशांनी उंच इमारतींना फार विरोध का केला नाही, याचे उत्तर बरेचसे या आकड्यात आहे. २०२० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या २,३८,६४३ भरली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ मध्ये या धोरणाला राष्ट्रीय पुरस्कार दिला.

शेजारचा धडा : फेअरफॅक्स काउंटीत हीच मार्गिका महामार्गाच्या मधोमध धावते. १९८६ मध्ये उघडलेल्या व्हिएन्ना स्थानकाला हजारो गाड्यांचे वाहनतळ आहेत. प्रवासी गाडी लावतो आणि निघून जातो. टायसन्सला तर पहिल्या मेट्रोजाळ्यात स्थानकच नव्हते. तेथे कार्यालये आणि मॉल अफाट वाढले, पण रस्ता ओलांडायलाही गाडी काढावी लागे. मेट्रोची सिल्व्हर मार्गिका तेथे २०१४ मध्ये पोहोचली, तीही बव्हंशी उन्नत; भुयाराची मागणी खर्चाच्या कारणाने मागे पडली. २०१० च्या आराखड्यानुसार टायसन्सचे रूपांतर चालू आहे. आधी इमारती आणि मग रेल्वे, असा क्रम लागला की भूखंडांचे आकार, रस्त्यांची रुंदी, वाहनतळ सगळे नव्याने जुळवावे लागते.

महाराष्ट्रात पुण्याच्या विकास नियमावलीत मेट्रो स्थानकांभोवती ५०० मीटरांत वाढीव चटईक्षेत्र देण्याची तरतूद याच विचारातून आली आहे. मात्र तेथे घनता स्थानकापासून पायरीपायरीने उतरत नाही. ती रस्त्याची रुंदी, भूखंडाचा आकार आणि भरलेले अधिमूल्य (वाढीव बांधकामासाठीचे शुल्क) यांवर ठरते. आर्लिंग्टनशी तुलना करताना हा फरक नजरेआड होतो.

घरांचा प्रश्न : वर्तुळाबाहेरची बैठी घरे राखण्याच्या वचनावर सगळा समझोता उभा होता. वाढ मूठभर जागेत कोंबली गेल्याने बाकीच्या वस्तीत फारशी नवी घरे आली नाहीत आणि नोकऱ्या वाढल्या तशा किमती चढत गेल्या. स्थानकापासून दहा मिनिटांवर आजही अंगणाची घरे आहेत, पण शिक्षक किंवा परिचारिकेला ती परवडत नाहीत. अशा भूखंडांवर सहा सदनिकांपर्यंत परवानगी देणारा नियम काउंटी मंडळाने मार्च २०२३ मध्ये एकमताने संमत केला. त्याविरुद्ध काही घरमालक न्यायालयात गेले. स्थानिक न्यायालयाने २०२४ मध्ये तो नियम रद्द ठरवला आणि तेथून प्रकरण अपिलात गेले.